दोन बोटं लोकर

व्हितेर्बो, ६ मार्च १९९१

प्रिय तुलियो,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवायच्या आधी एवढं ऐक: कुणी मेलेलं नाही. म्हणजे नवीन कुणी नाही. तुझी वहिनी आल्बा गेली त्याला चार वर्षं झाली, आणि ते तुला तिकडे ऑस्ट्रेलियात कळलं असेलच. वाईट बातमीला तिकीट लावावं लागत नाही.

चौदा वर्षांनी लिहितोय. एवढा उशीर केल्यावर सुरुवात कशी करायची हे कुणी शिकवत नाही, म्हणून आधी धंद्याचं सांगतो. दगड बरा चाललाय. खाणीत खेचरामागे धावणाऱ्या ओरेस्तेच्या हाताखाली आता अकरा माणसं आहेत आणि दोन करवती आहेत. त्या दिवसभर एवढ्या किंचाळतात की घरी आल्यावर शांतता टोचते. मी रेडिओ लावतो. ऐकत नाही, नुसता लावतो.

आज आपल्या गावच्या पोरीचा, संत रोझाचा, स्मृतिदिन. सकाळी तिच्या मठात गेलो होतो. उत्तरेकडून एक बसभर माणसं आली होती आणि एक तरुण पाद्री त्यांना काचेच्या पेटीतली रोझा दाखवत होता. मी खांबाआडून ऐकलं. चांगलं सांगत होता. म्हणाला, साडेसातशे वर्षांपूर्वीची ही गरिबाघरची मुलगी, सतरा-अठराव्या वर्षी गेली. बादशहाच्या माणसांविरुद्ध भर चौकात बोलायची. उंची एवढीशी, म्हणून दगडावर उभी राहायची, तर तो दगडच तिला घेऊन वर उठला. मग ऐन थंडीत आईबापासकट गावाबाहेर काढली. एका बाईने विचारलं, "आणि ही मठात नन होती ना?" पाद्री जरा घुटमळला. म्हणाला, "नाही. मठाने तिला घेतलं नाही. हुंडा नव्हता." बाई म्हणाली, "मग इथे कशी?" तो म्हणाला, "मेल्यावर सात वर्षांनी पोपने आणवली. खांद्यावरून." बाई म्हणाली, "अगं बाई. उशिराच की."

तिथून निघालो तो दारूच्या दुकानात शिरलो. तिथे जे ऐकलं, त्यासाठी हे पत्र.

क्विरिनो नावाचा एक खाटीक आहे, तिशीचा, मान बैलासारखी. सप्टेंबरात रोझाची मूर्ती माथ्यावर ठेवून जो मनोरा आपण शंभर जण खांद्यावरून मठापर्यंत नेतो, त्याच्याखाली यंदा त्याला शिरायचंय. तो एकाबरोबर दारूचं पिंप जिन्यावरून उतरवत होता. खालच्याचा हात जरा निसटला तशी हा ओरडला, "ए, तुलियो करू नकोस हं!" सगळे हसले.

मी म्हटलं, "तुलियो करणं म्हणजे काय रे?"

"म्हणजे ओझं दुसऱ्याच्या मानेवर टाकून पळणं, काका. तुम्हाला माहीत नाही? जुना शब्द आहे."

"किती जुना?"

"असेल रोझाच्या वेळचा."

त्याला खरंच माहीत नाही, तुलियो. या नावाचा माणूस होता, त्याला नाक होतं, त्याला पीचची अ‍ॅलर्जी होती, हे त्याच्या गावीही नाही. मी दारू संपवली आणि निघालो.

त्या वर्षी तुझी पाठ गेली. त्यात कुणाचा दोष नव्हता. एवढंच लिहायचं होतं.

तुझा भाऊ,
ओरेस्ते

---

व्हितेर्बो, ३० जून १९९१

प्रिय तुलियो,

उत्तर नाही. माझी तक्रार नाही. माझ्याकडे चौदा वर्षांची बाकी आहे, तुझ्याकडे चार महिन्यांची.

काल चर्चमध्ये हमालांची परीक्षा झाली. तीच पेटी, तेच दीडशे किलो, तेच जाऊन वळून येणं. नव्वद जण आले होते. एक मास्तर अर्ध्यात मटकन बसला आणि म्हणाला, "मी तिचा भक्त घरूनच बरा." क्विरिनो पास झाला. पेटी ठेवून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तुमच्या मागे उभं राहायला मिळू दे. तुम्ही ते सत्त्याहत्तरचे ओरेस्ते ना? ज्यांनी मनोरा धरला?"

मी म्हटलं, "तिथे गाल्लियानो आहे, आठ वर्षं."

मग आम्हा जुन्यांची उंची मोजली. तुला आठवत असेल, आपण सगळेच ते किती गांभीर्याने घ्यायचो; केससुद्धा बसवून जायचो. शंभर माणसं, पाच टन, एक बोटभर फरक पडला तरी शेजारच्याची मान जाते. मी दीड बोट कमी भरलो. मुकादम सेत्तिमियो भिंतीवरची रेघ बघून म्हणाला, "ओरेस्ते, तू जमिनीत चाललायस."

"सगळेच चाललेत. मी जरा आधी निघालो."

"चेष्टा नको. चोपन्न वय. एवढा कसा दबलास तू?"

मी म्हटलं, दगडाचा धंदा. त्याने मला एक रांग पुढे टाकलं, गाल्लियानोलाही माझ्याबरोबर पुढे घेतलं.

उंचीवरून आठवलं. त्या वर्षी माझा गुडघा दुखत होता. लक्षात आहे तुझ्या? जूनमध्ये खाणीत ठोकळा घसरला होता. तू म्हणाला होतास, "दादा, यंदा राहू दे, सेत्तिमियोला सांग." मी म्हटलं होतं, बरा झालाय.

तो तेवढा बरा झाला नव्हता.

ओरेस्ते

---

व्हितेर्बो, ११ ऑगस्ट १९९१

प्रिय तुलियो,

काल निव्हेसचं कार्ड आलं. तुझी बायको अजूनही शब्दांची काटकसर करते. चार ओळी. "तो तुमची पत्रं वाचतो. मग बाहेर जाऊन कुंपण रंगवतो. कुंपण दोनदा रंगवून झालंय. लिहायचं असेल तर खरं लिहा."

बाई बरोबर बोलते. खरं लिहितो. तिसरा हात दे हवा तर कुंपणाला, पण शेवटपर्यंत वाच.

गुडघा वाकत नव्हता. ताठ पाय घेऊन ओझ्याखाली चालता येतं. पण मान थोडी जरी दबली की पाय लटलटायचा. सेत्तिमियोला सांगितलं असतं तर त्याने एका शब्दात बाहेर काढलं असतं, आणि ते वर्ष बाबांचं शेवटचं आहे हे आपल्या दोघांनाही दिसत होतं. खुर्ची खिडकीत ओढून ते बसणार आणि आपल्या दोन पोरांना ओळखणार, पांढरे कपडे, लाल पट्टा, एकामागे एक. त्या खिडकीसाठी मी केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. बाबांसाठी थोडंफार होतंही. बाकीचं माझ्यासाठी होतं. मनोरा जातोय आणि मी फुटपाथवर उभा, हे मला सोसलं नसतं.

उत्सवाच्या आदल्या आठवड्यात मी माझ्या चुंबळीची शिवण उसवली. चामड्याच्या त्या टोपीत मानेवर येते ती उशी. त्यातली लोकर काढली, दोन बोटं जाडीची. परत शिवली. माझे टाके बघितलेस तर हसशील, पण अंधारात चालून गेले. दोन बोटं म्हणजे तुळई माझ्या मानेला नुसती शिवणार, बसणार नाही. बाहेरून कुणाला कळत नाही. आतही शेजाऱ्याला कळत नाही. कळतं फक्त त्याच तुळईखाली मागे उभ्या असलेल्याला.

मागे तू होतास.

दुसरा थांबा ओलांडला तेव्हा तू म्हणालास, "दादा, तू आहेस ना?" मी म्हटलं, "आहे." तिसऱ्याला पुन्हा म्हणालास, "दादा, घे ना रे जरा." मी म्हटलं, "घेतलंय." माझे कान चांगले आहेत, तुलियो, त्यावर माझा धंदा उभा आहे, ठोकळ्यावर हातोडी मारून आत भेग आहे का ते मी ऐकून सांगतो. तुझ्या श्वासातही मला ती ऐकू येत होती. मी पुढे चालत राहिलो.

मग ती अरुंद गल्ली. तू गुडघ्यावर बसलास, आणि रांगत बाहेर पडलास. मनोरा कलला, कुणाच्या तरी बाल्कनीचं प्लॅस्टर खाली आलं, बायका किंचाळल्या. तू बाजूला झाल्यावर तुळई खाली आली, आणि त्या रात्री पहिल्यांदा, फक्त त्या क्षणी, वजन माझ्या मानेवर पडलं. मी धरलं. आजूबाजूच्यांनीही धरलं, पण नाव माझं झालं. वर मठाच्या दारात मला खांद्यावर घेऊन नाचवलं. तू हॉस्पिटलात पालथा पडला होतास.

सेत्तिमियो दुसऱ्या दिवशी तुझ्या पलंगाशी आला. "सांगितलं असतंस तर एक माणूस बदलला असता. न सांगता खांदा सोडलास." मी तुझ्या पायाशी उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. तू वाट बघत होतास. मला कळलं होतं, तू मला बोलायची संधी देतोयस. किती वेळ दिलीस, तुझ्या लक्षात नसेल. सेत्तिमियो टोपी घालून दरवाजापर्यंत गेला तोवर.

बाबा ऑक्टोबरात गेले ते तुझ्याशी न बोलताच. तू जानेवारीत गेलास. मी बंदरावर आलो नाही, कामाला माल आला होता असं सांगितलं. माल आला नव्हता.

आल्बाला काढलेली लोकर कपाटात सापडली, माझ्या मोज्यांमागे. तिने विचारलं नाही. तिने ती धुतली, वाळवली आणि माझ्या उशाशी ठेवली. पुढची दहा वर्षं ती माझ्याशी सगळं बोलली, फक्त त्यावर नाही. तूही नाहीस, तीही नाही. आमच्या घरात त्या गोष्टीएवढं गप्प दुसरं काही नव्हतं.

मठातल्या बायकांना मी लहानपणापासून शिव्या दिल्यात, रोझाला दारातून परत पाठवलं म्हणून. आता वाटतं, त्यांनी निदान "जागा नाही" असं तोंडावर सांगितलं. रोझा त्यांना म्हणाली होती, "जिवंतपणी नको म्हणताय, मेल्यावर घ्याल." तुझ्या बाबतीत तेवढी वाट बघायची माझी इच्छा नाही.

हे मी तुला सांगितलं. पण तुझं नाव मी तुझ्यासमोर नाही घालवलं. ते ज्यांच्यासमोर घालवलं, त्यांच्यासमोर सांगायला हवं. ते माझ्याच्याने होईल का, माहीत नाही.

ओरेस्ते

---

व्हितेर्बो, ४ सप्टेंबर १९९१, सकाळ

तुलियो,

काल झालं. सलग सांगतो.

दुपारी नेहमीसारखे पांढरे कपडे घालून आम्ही सात चर्चं फिरलो. म्हाताऱ्या दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मग मठाच्या बागेत जमलो. पाद्री येऊन मरणाऱ्याला देतात तो आशीर्वाद देतो, त्याच्या आधी सेत्तिमियो बोलतो. तोच तो प्रश्न. आता त्याचा आवाज चिरकतो, पण अजून अंगावर काटा येतो.

"आपण सगळे एका मनाचे आहोत ना?"

शंभर जण म्हणाले, "आहोत!"

मी म्हटलं, "नाही."

हळूच म्हटलं, पण एकट्याचं होतं. सगळ्यांनी माना वळवल्या. सेत्तिमियो म्हणाला, "कोण रे तो?"

"मी. ओरेस्ते."

"पोट बिघडलंय का तुझं?"

थोडे हसले. मी टोपी काढली आणि सांगितलं. गुडघा, शिवण, दोन बोटं, दुसरा थांबा, तिसरा थांबा, हॉस्पिटल. लांबण लावली नाही. तुझं नाव पूर्ण घेतलं, आडनावासकट, कारण तिथल्या निम्म्यांना तुला आडनाव आहे हेच माहीत नव्हतं. शेवटी म्हटलं, "तुलियोने खांदा सोडला नाही. तो माझाही खांदा घेऊन अर्धं गाव चालला."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "चौदा वर्षं थांबलास, अजून दोन तास थांबला असतास, माणसा! आता कसा उचलायचा?" आणि त्याचं खरं होतं.

क्विरिनोचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "काका, म्हणजे तो शब्द..."

"हो रे."

"मी तो रोज वापरतो, काका. बायकोलासुद्धा म्हणतो."

तेवढ्यात गाल्लियानो पुढे आला. मला वाटलं हाणणार. तो म्हणाला, "थांबा. मला एक कळू दे. मी याच्यामागे आठ वर्षं आहे. माझ्या मानेवर कधी धड वजनच आलं नाही. घरी बायकोला सांगतो, रोझाची माझ्यावर कृपा आहे. नवससुद्धा फेडला मी त्याचा."

सेत्तिमियोने हात पुढे केला. "चुंबळ दे."

मी दिली. त्याने बोटांनी दाबून पाहिली, आणि खिशातला चाकू काढून शिवण उसवली. लोकर बाहेर आली ती येतच राहिली. त्यात आल्बाने धुतलेली ती दोन बोटंही होती, आणि वर आणखी दोन. त्या वर्षानंतर मी दरवर्षी जास्तीची भरून चालत आलोय. माझ्या मागच्याच्या वाट्याचं मी घेतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही मागच्या पत्रात नाही सांगितलं. फेडतोय असं वाटायचं.

सेत्तिमियोने ती लोकर मुठीत धरली. "म्हणून दबलास होय."

"हो."

"मूर्खा, आधी कमी घेतलंस, मग जास्त घेतलंस. तुला सांगितलं कुणी? हा काय तुझा एकट्याचा मनोरा आहे? प्रत्येकाने आपला घ्यायचा. तेवढाच. त्याच्यावर तर तो उभा आहे!" त्याचे डोळे भरले होते, माझ्यासाठी की तुझ्यासाठी ते कळलं नाही. मग म्हणाला, "पट्टा सोड."

मी लाल पट्टा सोडला. तो कमरेला चार वेढे असतो, सोडायला वेळ लागतो, आणि सगळे बघत होते. राखीवातला एक जण माझ्या जागी गेला. सेत्तिमियो बाकीच्यांकडे वळला. "त्या वर्षी मी तुलियोला त्याच्या पलंगाशी जे बोललो, ते चुकीचं होतं. मी एकाच बाजूचं ऐकलं, आणि ती बाजू तर बोललीच नव्हती. आजपासून कुणाच्या तोंडून तो शब्द आला तर त्याने पुन्हा मनोऱ्याखाली यायचं नाही. कळलं?" मग पुन्हा विचारलं, सगळे एका मनाचे आहोत ना. यावेळी उत्तर जरा उशिरा आलं, पण आलं. तोवर मी फाटकाबाहेर होतो.

घरी जाऊन कपडे बदलले. घरी बसवेना. रस्ते बंद व्हायच्या आत गर्दीत शिरलो आणि त्या अरुंद गल्लीत जाऊन उभा राहिलो. शेजारच्या म्हातारीने मला बाहेरचा समजून माहिती दिली. "इथेच बरं का, ती बाल्कनी दिसतेय ना, तिथे सत्त्याहत्तर साली एका भित्र्याने खांदा सोडला होता."

"त्याने नाही, मावशी. त्याच्या भावाने."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी तो भाऊ."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि जरा पलीकडे सरकली. उद्यापर्यंत गल्लीभर होईल. तिच्यासारख्या आणखी दहा जणींना गाठायचं ठरवलंय. गाव चौदा वर्षं जे बोललं ते मला एकेकाकडून परत घ्यावं लागणार, आणि मला दुसरं काम नाही.

मग रस्त्यावरचे दिवे मालवले.

तुलियो, अठराव्या वर्षापासून मी त्याच्या खाली होतो. खाली काय असतं तुला माहीत आहे. पुढच्याची घामेजली मान, लाकडाची करकर, सेत्तिमियोचा आवाज, आणि आपले पाय. मला वाटायचं मनोरा म्हणजे तेच. बाहेर ती करकर येतच नाही रे. बाहेर काही ऐकू येत नाही. एवढी माणसं आणि एक लहान मूल खोकलं ते ऐकू आलं. गल्लीच्या टोकाला छपरांच्यावर उजेड दिसला, आणि तो चालत आला, घरांहून उंच, हजार ज्योती, थोडा डुलत, जसा कुणी झोपलेलं मूल उचलून आणतो तसा. आणि सगळ्यांच्या वर ती, एवढीशी. खाली शंभर जोड्या पांढरे पाय, एकही चुकत नव्हता. माझ्या जागेवरचेही नाही.

लोक रडत होते. मला वाटायचं ते आपल्यासाठी ओरडतात. आपण त्यांना दिसतसुद्धा नाही.

तिकडे तुझी पाठ कशी आहे ते मी आजपर्यंत विचारलं नाही. आता विचारतो. उत्तर देऊ नकोस, नको असेल तर. निव्हेसला दोन शब्द लिहायला सांग.

एक गोष्ट राहिली. एवढ्या गर्दीत माझ्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी होती. ती म्हातारी सरकली तेव्हाच झाली असेल. एक पोलीस आला आणि म्हणाला, "आजोबा, सरका तिकडे, माणसं उभी राहू देत." मी सरकलो नाही. म्हटलं, "माणूस येतोय." मनोरा वर मठाच्या चढाला लागला, जयजयकार झाला, लोक पांगले, तरी मी ती जागा धरून उभा होतो.

ओरेस्ते